माझ्या नावाची गाडी

मला बैल आवडत नाही. आमच्या घरात हे बोलणं म्हणजे देव्हाऱ्यासमोर चप्पल घालून उभं राहणं, म्हणून सुरुवातीलाच उरकून घेते. मुकं जनावर आहे, पोटच्या पोरासारखं वाढवलंय, हे मला कोणी ऐकवू नका. आमच्या दारात जो बैल बांधलेला आहे त्याला पंखा आहे, दूध आहे, भिजवलेले बदाम आहेत, उन्हाळ्यात अंगावर पाणी मारायला माणूस आहे. माझी आई गॅससमोर घामाने निथळत त्याच्यासाठी उडीद शिजवते. तिच्या स्वयंपाकघरात पंखा बसत नाही. गॅस विझतो म्हणे.

शिरगावात आमची भातशेती होती तिथे आता बिल्डिंगी उभ्या आहेत. जमीन विकली तेव्हा मी बालवाडीत होते. माझ्या काकाला, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, त्यानंतर करायला काही उरलं नाही. मग त्याने शर्यतीचा बैल घेतला. त्या बैलाने जन्मात कधी नांगर पाहिला नाही, आणि काकानेही पुन्हा पाहिला नाही. पहिला बैल म्हातारा झाला, दुसरा आला, मग तिसरा. बैल बदलत गेले. गाडीवरचं नाव मात्र एकच राहिलं, आणि ते माझं होतं.

ही भानगड बाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते. आमच्याकडे बिनजोड शर्यत असते. त्यात दोनच गाड्या. शेजारी शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की सोडायच्या, जी आधी पोचेल तिच्या माणसांवर गुलाल. हरलेला मालक खाली मान घालून बैल टेम्पोत चढवतो. अशा शर्यतीत गाडी पुरुषाच्या नावाने पळवायची नाही, असं आमच्या घरात मानतात. आधी देवीचं नाव, आणि मागोमाग घरातल्या पोरीचं. पोर म्हणजे लक्ष्मी, तिच्या पायगुणाने गाडी जिंकते. त्यामुळे बदलापूरपासून पनवेलपर्यंत जिथे जिथे काकाची गाडी पळाली, तिथे तिथे भोंग्यावर माझं नाव घेतलं गेलं. "आई गावदेवी प्रसन्न, कुमारी" आणि पुढे मी. अंबरनाथपर्यंतची पोरं माझ्या नावाचे पिवळे शर्ट घालून फिरायची. मैदानात मला मात्र कधी नेलं नाही. बायकांचं तिथे काम नाही.

लहान असताना मला त्याचा अभिमान होता, खोटं का बोलू? टेम्पोवर पाठीमागे एवढ्या मोठ्या अक्षरात आपलं नाव बघायला कोणाला आवडणार नाही? पण जिंकल्यावर नाव बैलाचं होतं आणि हरल्यावर माझं, हे कळायला फार वेळ लागला नाही. जिंकून आले की काका बैलाच्या गळ्यात पडायचा. हरून आले की ओसरीवर बसायचा, पाणी मागायचा, आणि मला हाक मारायचा.

"ये गो बाय. आज सकाली काय केलंस?"

ओरडायचा नाही. आवाज अगदी मऊ असायचा, डॉक्टरसारखा. आणि मी, सात-आठ वर्षांची, उभी राहून आठवायचे. केस धुतले होते का? बैलाला ओवाळताना दिवा विझला का? शर्यतीच्या दिवशी कोणाशी भांडले, रडले, डाव्या हाताने काही दिलं? काही ना काही सापडायचंच. सापडलं की काका मान हलवायचा आणि सगळ्यांना हायसं वाटायचं. काकी माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवून टाकायची. त्या मिरच्यांचा ठसका अजून माझ्या घशात आहे.

शाळेत पोरं मला बघितलं की जिभेने टकटक करून बैल हाकायचा आवाज काढायची. मध्ये काही वर्षं कोर्टाची बंदी होती. ती बैलांच्या दयेपोटी घातली होती म्हणतात, पण सुटका माझी झाली. तेवढ्यात माझं कॉलेज झालं, मोरिवलीच्या बाजूला एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिस्पॅचला नोकरी लागली, पगारातून स्कूटी घेतली. मला वाटलं, संपलं हे प्रकरण. बंदी उठली त्या दिवशी गावात फटाके वाजले. आठवड्याच्या आत टेम्पोवर माझं नाव पुन्हा चढलं, आधीपेक्षा मोठं, खाली लाल रंगाच्या ज्वाळा.

एकदा उल्हासनगरला ऑफिसच्या मैत्रिणीसोबत कपडे घ्यायला गेले होते. मोबाईलवरून पैसे दिले तसं दुकानदाराच्या स्क्रीनवर माझं नाव आलं. म्हातारा सिंधी शेठ चष्मा वर करून म्हणाला, "अरे बेटा, आप ही हो? आपके तो हम हर सीझन टी-शर्ट छापते हैं!" मैत्रीण हसून हसून खुर्चीवर बसली. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या वडिलांनीही नाव ऐकून विचारलं, "म्हणजे ती गाडीवाली?" आणि मग ते काकाबरोबर खाली बैल बघायला गेले ते परत वर आलेच नाहीत. मुलगा बिचारा चहाचा कप हातात घेऊन बसून होता. त्याच्याशी लग्न झालं असतं तर लग्नपत्रिकेवरही बैल छापला असता यांनी.

हे सगळं मी सहन केलं असतं, माणूस बरंच काही सहन करतो. पण मागच्या हिवाळ्यात गाडी हरली. मी कामावरून आले तेव्हा ओसरीवर काका आणि त्याची दहा-बारा माणसं मटण-भाकरी खात बसली होती. हरले तरी जेवण ठरलेलं असतं, आणि ते माझ्या आईने एकटीने रांधलेलं असतं. मी स्कूटी लावली. काकाने हाक मारली.

"आज काय केलंस गो?"

"कामाला गेले होते."

"सकाली केस धुतलेस?"

"नाही."

त्याने थोडा विचार केला. मग माझ्याकडे न बघता, भाकरीचा तुकडा मोडत, वाढायला आलेल्या माझ्या आईला विचारलं, "हिला अडचन होती काय?"

अडचण म्हणजे काय ते सांगायला नको. दहा-बारा बाप्ये बसले होते, त्यातले निम्मे माझ्यापेक्षा लहान. एकाने घास चावायचा थांबवला. उत्तर ऐकायला थांबला होता तो! आई हातातल्या पातेल्यासकट तशीच उभी. बाबा कोपऱ्यात बसले होते, ते ताटात बघत राहिले. बाबा आयुष्यभर काकासमोर ताटातच बघत आलेत. मला त्या क्षणी काकापेक्षा बाबांचा जास्त राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मी म्हणाले, "काका, पैज लाव."

आमच्यात काकालाच काय, बापालाही तू म्हणतात, पण असं कोणी म्हणत नाही. काका हसला. "कोनाशी?"

"माझ्याशी. पुढच्या बिनजोडला तुझी गाडी हरणार. हरली तर टेम्पोवरचं, शर्टांवरचं, गोठ्याच्या पत्र्यावरचं, जिथे असेल तिथलं माझं नाव काढायचं. कायमचं."

"आनी जिंकली तर?"

तेवढा विचार मी केला नव्हता. समोर स्कूटी दिसली. "तर ही स्कूटी तुझ्या ड्रायव्हरची." गाडी हाकणाऱ्याला हे लोक ड्रायव्हर म्हणतात. तो तिथेच बसला होता, पोरगा लगेच वळून स्कूटीकडे बघायला लागला.

तोवर मी आयुष्यात कशावर पैज लावली नव्हती. ऑफिसात आयपीएलच्या वेळी सगळे टीम लावायचे तेव्हाही मी नाही म्हणायचे. पण काकाला मी ओळखत होते. चार माणसांत कोणी पैज लाव म्हटलं आणि त्याने नाही म्हटलं, असं कधी झालेलं नाही. "अरे लाव ना, पोरगी बोलते तर," कोणीतरी म्हणालं. काकाने टाळी द्यायला हात पुढे केला, मग मटणाचा हात म्हणून मागे घेतला, धोतराला पुसला आणि पुन्हा पुढे केला. मी जोरात टाळी दिली. इतकी जोरात की माझाच हात चुरचुरला.

त्या रात्री आई माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र घरात जी पळापळ सुरू झाली तिची मला कल्पना नव्हती. जिच्या नावाने गाडी पळते तीच गाडी हरणार म्हणते, याहून मोठा अपशकुन कुठला? समोरच्या गाडीशी शर्यतीची जोड माझ्याच नावाने ठरून बसली होती, आता बदलता येत नव्हती. काकाची माणसं घाबरली. एक जण येऊन म्हणाला, ताई, शब्द मागे घे. दुसरा जिन्यात गाठून हळूच म्हणाला, मी पण तुमच्याच बाजूने लावलेत, काकांना सांगू नका. काकी केळीच्या पानात तांदळाच्या भाकऱ्या आणि बांगडा घेऊन वर आली. एवढ्या वर्षांत ती माझ्यासाठी मीठ-मिरच्यांखेरीज काही घेऊन आली नव्हती. बांगडा मी खाल्ला. शब्द मागे घेतला नाही.

शर्यतीच्या सकाळी ओवाळायची वेळ आली. ते माझंच काम, पैज असली तरी. काका ताट घेऊन स्वतः उभा होता. "मनातनं कर हां," म्हणाला. त्या आवाजात पहिल्यांदा विनंती होती, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, ती ऐकून मला फार बरं वाटलं. मी ओवाळलं. कपाळाला कुंकू लावलं, शिंगांना हात लावला. मग कुंकू सारखं करायचं निमित्त करून त्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "हर."

माझ्या चुलत भावाची मुलगी शेजारी उभी होती, सिनियर केजीत जाणारी. मी कामावरून आले की तिला स्कूटीवर पुढे उभं करून गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारायची, हा आमचा रोजचा नेम. तिने मला विचारलं, "आत्या, कानात काय सांगितलं?" म्हटलं, गंमत.

शर्यत नेमकी आडवारी, माझ्या कामाच्या दिवशी होती. आता मैदानावरून मोबाईलवर थेट दाखवतात. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी मोबाईल बाटलीला टेकवून ठेवला. समालोचकाने माझं नाव घेतलं, लांबवून, हेल काढून, पूर्ण कॅन्टीनने ऐकलं. पॅकिंगच्या बायका मागे येऊन उभ्या राहिल्या. झेंडा पडला. धूळ, आरोळ्या, आणि त्या धुळीतून काकाचा बैल पुढे. चांगला हातभर पुढे. माझी स्कूटी चालली, एवढंच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण मी खुर्चीवरून उठले आणि ओरडले, "पळ! पळ रे!"

लहानपणापासून कानात बसलेलं, दुसरं काय! स्वतःच्याच तोंडावर चापट मारावीशी वाटली. तेवढ्यात गाडी डावीकडे ओढली गेली, ड्रायव्हरने कासरा खेचला, बैलाची चाल तुटली आणि दुसरी गाडी सरळ निघून गेली. गुलाल उडाला. समालोचकाच्या तोंडी दुसऱ्याच कोणा पोरीचं नाव आलं. मी खाली बसले आणि डबा उघडला. कधी जेवले नव्हते अशी जेवले.

काकाने शब्द पाळला, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. रविवारी टेम्पो अंगणात आणून चुलत भावाने माझ्या वहिनीचा केस वाळवायचा ड्रायर लावला आणि स्टिकर तापवून सोलून काढलं. माझं नाव तुकड्या-तुकड्यांनी खाली पडत होतं, लोकांच्या चपलांना चिकटत होतं. मी वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून चहा पीत शेवटपर्यंत बघितलं. काकाने एकदाही वर बघितलं नाही. दोन आठवडे मी हवेत होते. रस्त्यात कोणी नावाने हाक मारली तर वाटायचं, ही फक्त मला मारलेली हाक आहे.

आणि मग एका संध्याकाळी मी स्कूटी लावत होते तर भाची धावत आली. गुडघ्यापर्यंत लोंबणारा नवा पिवळा शर्ट. पाठ माझ्याकडे करून म्हणाली, "आत्या, वाच!"

तिचं नाव होतं. देवी प्रसन्न, कुमारी, आणि ती.

मी पैज लावली तेव्हा म्हणाले होते, माझं नाव काढ. पोरीचं नाव काढ असं म्हणाले नव्हते. इतकी वर्षं त्या घरात राहून, सगळं माहीत असून, एवढी मोठी फट मी ठेवली. त्या ओसरीवर बसलेल्या एकालाही त्यात काही वेगळं वाटलं नसणार. एक पोर मोठी झाली, डोईजड झाली, तर दुसरी आहेच. काकाने त्या टाळीच्या वेळीच ठरवलं असेल. मी वहिनीशी भांडले, चुलत भावाशी भांडले. भाऊ म्हणाला, "तुझा प्रॉब्लेम काय आहे? तुझं काढलं ना?" पोरीला शर्ट इतका आवडला होता की ती तो घालून झोपत होती.

तिच्या नावाने पहिली गाडी पळाली आणि हरली. मी त्या दिवशी मुद्दाम लवकर निघाले. पोचले तर ओसरीवर तीच माणसं, तीच ताटं. काका पाणी पिऊन भांडं खाली ठेवत होता.

"ये गो बाय," तो म्हणाला. मला नाही. "आज सकाली काय केलंस?"

भाची त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. शाळेत बाई प्रश्न विचारतात तसा तिला तो वाटला असावा. तिने भुवया आवळून विचार केला. बरोबर उत्तर द्यायचं होतं तिला.

"दूध सांडलं," ती म्हणाली.

काकाने मान हलवली. दोघा-तिघांनी सुस्कारा टाकला.

"अजून?"

तो 'अजून' ऐकला आणि माझ्या घशात मिरच्या चढल्या. मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं आणि काकाच्या समोर मी उभी राहिले. "तिने काही केलं नाही. मी केलं. मागच्या वेळी मी बैलाच्या कानात हर म्हणाले होते, ह्या वेळी पण म्हणाले. जोवर हिचं नाव राहील तोवर दर वेळी म्हणणार. बांध त्याला कुठे बांधायचा तिथे, मी येऊन म्हणणार." ह्या वेळचं खोटं होतं. सकाळी मी उठले तोवर बैल गेला होता. पण ओसरीवर सगळ्यांचे हात ताटात थांबले.

"मंग कोनाचं टाकू?" काका म्हणाला. आता आवाज मऊ नव्हता.

"स्वतःचं टाक. बैल तुझा, टेम्पो तुझा, गुलाल तुझ्या अंगावर. नाव पण तुझंच टाक."

"माजं नाव?" तो खरोखर दचकला. "आनी हरलो तर?"

बोलून गेला आणि त्याच्या लक्षात आलं. त्याने भांडं उचललं, ते रिकामं होतं, परत ठेवलं. बाबा, माझे बाबा, ताटातून वर बघत होते.

मी वाट पाहिली. त्यातल्या एकाने तरी, निदान बाबांनी तरी, माझं टाका म्हणावं. कोणी म्हणालं नाही.

"मग माझंच परत टाक," मी म्हणाले. "हिचं आत्ताच्या आत्ता काढ. माझं टाक. आणि हरलास की जे विचारायचं ते मला विचार."

पैज मी जिंकले होते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. जिंकलेलं मी सगळ्यांसमोर परत देत होते, आणि काकाला ते घ्यावं लागलं. मी परत कानात काही बोलले असते तर, ही भीती त्याला होतीच. पण पैज नसताना, स्वतःच्याच नावाच्या गाडीला मी तसं करणार नाही, असा त्याने हिशेब केला असावा. करू दे.

भाची दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझा शर्ट तू चोरलास, म्हणाली. स्कूटीवरून दोन चकरा मारल्यावर बोलायला लागली.

आता टेम्पोवर परत माझं नाव आहे, ज्वाळांसकट. उल्हासनगरचा शेठ पुन्हा माझे शर्ट छापतो. शर्यतीच्या दिवशी सकाळी मी वर बाथरूम असताना खाली अंगणात, बैलासमोरच्या नळावर, शांपू लावून केस धुते. काका ओसरीवरून बघतो आणि तोंड फिरवतो. गेल्या खेपेला गाडी पुन्हा हरली. तो येऊन बसला आणि सवयीने मला हाक मारली. मी जिन्यात थांबले, माझे केस अजून मोकळे होते.

"विचार," मी म्हणाले.

त्याने पाणी मागितलं.

"नळ समोरच आहे," मी म्हणाले, आणि वर निघून गेले.